रुपालीचा गोल

उकंडाच्या चौकोनाला रुपालीनं अर्धा काळा रंग दिला आणि त्याच्या खालची तिन्ही लेकरं अर्धी काळी झाली.

लिहिलेल्या आज्ञांवरून पान मांडणाऱ्या लाटेकमध्ये, लॅपटॉपवर, तिनं आज्ञा पुन्हा चालवली. पान तसंच आलं. वर चौकोनात बाबा, उकंडा. शेजारी पांढऱ्या गोलात आई, इंदूबाई. खाली भाऊ रवी, थोरली बहीण वर्षा आणि ती स्वतः. एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी तिनं सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचा विषय घेतला होता, आणि पहिली वंशावळ घरचीच काढायला बसली होती. पांढरा म्हणजे दोष नसलेला. अर्धा काळा म्हणजे वाहक. स्वतः आजारी नाही, पण रक्तातला दोष पुढे देऊ शकणारा.

"माह्ये लेकरं काहून काळे केले वं?" इंदूबाई मागे येऊन उभी होती, हातात तुरीच्या शेंगांनी भरलेलं सूप घेऊन.

"मी नाही केले, माय. रंग बाबाच्या एकट्या चौकोनाले द्याचा होता, मी अख्ख्या फांदीले देल्ला. लाटेकमधी फांदीले जे देल्लं ते खालच्या सगळ्याइले लागते."

"त्याले काय माहीत, कोणाले लागलं न् कोणाले नाही?"

"त्याले काहीच माहीत नाही. आपणच सांगा लागते."

फांदीवरचा रंग काढला असता तर तिघंही एका फटक्यात पांढरे झाले असते. तेही खोटंच. म्हणून तिनं एकेकाचं पाहायचं ठरवलं. आज्ञेत प्रत्येकाच्या नावाला एक कंस होता; ज्याच्या त्याच्या कंसात जे लिहू, ते फांदीवरून आलेल्याला मागे सारतं. रवीची तपासणी झाली होती, त्याच्यात काही नव्हतं. त्याच्या कंसात तिनं पांढरा लिहिला. वर्षा पहिल्या बाळंतपणात तपासली गेली होती. ती वाहक निघाली होती. तिच्या गोलाला हात लावायची गरज नव्हती.

"आता तुह्या," इंदूबाई म्हणाली.

रुपालीचा हात थांबला. प्रबंधासाठी तिनं गावोगावच्या लोकांची बोटं टोचली होती. स्वतःचं बोट मात्र, बाबांचा निकाल आल्यापासून, तिनं कधी पुढे केलं नव्हतं. गेल्या रविवारी आर्णीहून भारत तिला पाहायला आला होता. दोघांना बोलायला म्हणून अंगणात सोडलं, तेव्हा त्यानं आधी तेच सांगितलं होतं. "मी वाहक हाओ. तुमचं काय?" ती म्हणाली होती, "सांगते." दोघंही वाहक असले तर प्रत्येक लेकराला खऱ्या आजाराची चारात एक भीती. तो अजून वाट पाहत होता.

"टाक ना पांढरा. एका शब्दाचं तं काम हाये."

रुपालीनं शब्द टाकला. गोल पांढरा झाला.

"पाह्य, कशी साजरी दिसून राह्यली."

रुपालीही पाहत राहिली. तिचा गोल आणि रवीचा चौकोन, दोन्ही सारखेच पांढरे होते. कागदावर पाहणाऱ्याला त्यांच्यात काही फरक कळला नसता. तिनं शब्द पुसला. वरून बाबांचा रंग पुन्हा खाली उतरला. मग तिनं तोही थांबवला आणि रिकाम्या गोलात एक प्रश्नचिन्ह ठेवलं.

"हे कायचं वं?"

"तपासलं नाही म्हणून."

इंदूबाईनं सूप खाली ठेवलं.

"आर्णीचा पोरगा चांगला हाये," ती म्हणाली.

"हाये."

"न् तुह्यं बी अर्धं निंगालं तं?"

रुपालीनं प्रश्नचिन्ह तसंच ठेवून पान जतन केलं.

"उद्या तपासाले उपाशी जा लागते का?" इंदूबाईनं विचारलं.

"नाही, माय."

"मंग भाकर खाऊनच निंगू."