आधी सायकली

शेवंताने सायकल आडवी लावली ती थेट डंपरच्या तोंडासमोर. याच चौकात मागच्या सोमवारी तिच्या कारखान्यातल्या मुमताजचा पाय चाकाखाली चिरडला होता. सिग्नलसाठी केलेल्या तीन अर्जांना साधं उत्तरही आलं नव्हतं.

ड्रायव्हर ओरडला, "मरायचंय का, बाई?"

"नाही. म्हणूनच उभी राहिलेय."

हॉर्न कर्कश वाजू लागले. हँडलवरची मूठ तिने सैल केली नाही. मागून कामावर निघालेल्या बायका सायकलींवरून रस्ता ओलांडू लागल्या.

हवालदार धावत आला. "सायकल हटवा, नाहीतर जप्त करीन!"

"करा. उद्या पायी येऊन उभी राहीन."

त्याने बायकांच्या रांगेकडे पाहिलं. मग वळून डंपरलाच थांबायचा हात केला.

शेवटची सायकल पलीकडे जाईपर्यंत शेवंता जागची हलली नाही.