मिनीबसचे दोन वाटे

भगवंतरावांनी मिनीबसच्या मधोमध प्लायवूडची भिंत उभी केली, शेवटचा स्क्रू पिळला आणि खाली उतरून वामनरावांना म्हणाले, "झाले दोन वाटे. बलवा त्याले."

त्याले म्हणजे सख्ख्या भावाला. गजेंद्र चार पावलांवर लिंबाखालीच उभा होता. पण दोघांचं बोलणं दिवाळीपासून बंद असल्यामुळे मधे माणूस लागे. शाळेच्या लिलावातली ही गाडी दोघांनी बोलणं चालू असताना निम्मी-निम्मी घेतली होती. विकायची तर दोघांच्या सह्या हव्यात, आणि भावाच्या कागदावर सही करण्याइतकं दोघांपैकी कोणी खचलं नव्हतं. वावराची वाटणी झाली, विहिरीची झाली, तशी आता हिची.

रीत ठरलेली. मोठ्यानं वाटे पाडायचे, धाकट्यानं आधी उचलायचा. म्हणजे मोठ्याला बेइमानी सुचत नाही. भगवंतरावांनी बेइमानी केली नव्हती, नुसतं डोकं चालवलं होतं.

त्यांना पुढचा वाटा हवा होता, कारण स्टिअरिंग पुढे होतं. वय सत्तावन्न झालं, पण त्यांनी आणि सुभद्राबाईंनी अजून समुद्र पाहिला नव्हता. या हिवाळ्यात अकोल्याच्या रस्त्यानं निघायचं आणि थेट पाणी दिसल्यावरच ब्रेक दाबायचा, असा बेत होता. म्हणून त्यांनी दोन महिने मागच्या वाट्यात जीव ओतला. सागाचं बाकडं, त्याखाली सामानाची पेटी, पेटीला आवाज न करणारं झाकण. पाठीचा उतार सुभद्राबाईंना सतरा वेळा बसवून काढलेला. भिंतीला घडीचं टेबल, टेबलाला कपांपुरत्या खाचा. कडा इतक्या घासल्या की पदरही अडकू नये. पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी, संत्र्याच्या पेट्यांच्या फळ्या तासाभरात ठोकून दिल्या. दोन खिळे वर राहिले, ते राहू दिले.

गजेंद्र आत शिरला. मागच्या बाकड्यावर बसला, उठला, पुन्हा बसला. पेटीचं झाकण उघडून मिटलं. भगवंतराव तिकडे न बघता आभाळ बघत होते, मुलगी दाखवताना बाप बघतो तसं. मग गजेंद्र खाली उतरून पुढच्या वाट्यात गेला आणि वर आलेल्या खिळ्यावर बोट फिरवलं.

"वामनराव, मी पुढचा उचलतो."

"इचारा त्याले, डोकं ठिकानावर हाये काय?" भगवंतराव ओरडले. "मांगचं इतलं काम दिसून नाई राहिलं त्याले?"

"दिसलं न. म्हनून तं." गजेंद्रही वामनरावांकडेच बघून बोलला. "त्याइले सांगा, चाळीस वर्सांत ह्या मानसानं मायासाठी चांगली वस्तू सोडली नाई. जिथं खियासुदा धड ठोकला नाई, तिथंच याचा जीव हाये."

वामनरावांनी तंबाखू मळून गालात ठेवली. गावातल्या सगळ्या वाटण्या त्यांच्यासमोर झाल्या होत्या. "उचलला त्यानं. झाली वाटनी. आता भांडनं चहा झाल्यावर."

भगवंतराव तावातावानं मागच्या वाट्यात चढले, दार आपटलं आणि बाकड्यावर आडवे झाले. ताबा घेतला. बाकडं फार आरामाचं होतं. त्यावर पडून राग टिकवणं अवघड जात होतं, म्हणून त्यांना जास्तच राग आला.

तेवढ्यात इंजिन सुरू झालं. किल्ली स्टिअरिंगलाच होती. तीही पुढच्या वाट्यात गेली होती.

सुभद्राबाई चहाचा ट्रे घेऊन अंगणात आल्या. "भाऊजी, निंगाले कुठं?"

"सासरवाडीले. नागपूरले."

"अवो, पन हे मांगं हायेत न!"

"वैनी, मी माया हिश्श्यात बसून राहिलो. त्याइचा हिस्सा मांगंमांगं येते, त्याले मी काय करू?"

गाडी हलली. भगवंतरावांनी दाराच्या कडीला हात घातला आणि तसाच ठेवला. उतरावं, तर आपला वाटा त्याच्या ताब्यात नागपूरला जाणार. त्यांनी कडी सोडली आणि प्लायवूडवर दोन्ही मुठी आपटल्या.

"गजा! नागपूरले समुद्र नाई रे!"

दिवाळीनंतर भावाशी बोललेलं त्यांचं हे पहिलं वाक्य. महामार्ग आला. उजवीकडे अकोला, डावीकडे नागपूर. गाडी डावीकडे वळली, आणि भगवंतराव नव्या बाकड्यावरून अलगद, कुठेही न आपटता, अकोल्याच्या बाजूला घरंगळले.