एकोपा

नेसरीनवर मी डोळे मिटून विश्वास टाकत आले. तुर्कस्तानातल्या अंताल्याच्या संग्रहालयात आम्ही दोघी पहिल्यापासून एकाच टेबलावर बसून जुनी नाणी वाचतो.

हे नाणं रोमन अमदानीतलं, तांब्याचं. शेजारच्या दोन शहरांच्या देवी हातात हात घालून उभ्या आहेत आणि कडेला ग्रीक शब्द आहे, ‘एकोपा’. वैर मिटलं, एवढाच अर्थ. उद्याच्या सभेत तो आम्ही दोघींच्या नावाने मांडणार होतो.

नेसरीनने नाणं मेणावर दाबलं. ठसा स्वच्छ उठला.

मग मी दाबलं. माझ्या ठशात एका देवीचा मोकळा हात पाठीमागे गेला होता. नाण्यावर तोच हात भाला धरून समोर होता.

"हन्दान, डोळे तपासून घे बाई," नेसरीन म्हणाली. "आणि उद्या मीच बोलेन हं. तू चारचौघांत अडखळतेस."

तिने पुन्हा दाबलं. हात समोर.

मी पुन्हा दाबलं. हात पाठीमागेच, आणि आता त्या मुठीत काहीतरी होतं. देवी हसत होती. मघाशी ती हसत नव्हती.

"हा एकोपा नाही," मी म्हणाले.

"पुरे झालं. चल, चहा निवतोय." नेसरीनने हसत माझा हात हातात घेतला.

"तुझा दुसरा हात कुठे आहे गं?"

ती नुसती हसत राहिली. मी हात सोडवून घेऊ लागले, पण तो सुटेना.