शेजारची सीट

कॅप्टन शर्वरी गुर्जरने हातातला दांडा डावीकडे कलवला आणि विमान उजवीकडे कलंडलं. दुरुस्तीनंतरचं पहिलंच उड्डाण होतं, विमानात ती एकटीच. पंखांवरच्या झडपा हलवणाऱ्या तारा उलट जोडल्या गेल्यात, हे तिच्या लगेच ध्यानात आलं. सवयीच्या हातांशी भांडत, प्रत्येक हालचाल उलटी करत तिने विमान कसंबसं धावपट्टीवर टेकवलं.

हँगरमध्ये मुख्य मेकॅनिक खांडेपारकर हसतच सामोरे आले. "कमाल केलीत, मॅडम! तारांची जरा गडबड झाली आमच्याकडून."

"जोडल्यावर झडप कुठल्या बाजूला हलतेय, एवढं तरी बघायचं!"

"घाई होती हो. आणि उतरलात ना सुखरूप?"

तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली, पण दुरुस्ती होईपर्यंत ती तिथेच बसून राहिली.

दुपारी हात पुसत ते म्हणाले, "झालं काम. आता बिनधास्त उडवा."

तिने शेजारच्या सीटचं दार उघडलं. "या, बसा."

"मी?" त्यांचा चेहरा उतरला. "थांबा, आधी एकदा नीट तपासून घेतो."

"आणि मी एकटी जाणार होते, तेव्हा?" ती कडाडली.

हँगरमधलं सगळं काम थांबलं. खांडेपारकरांनी मान खाली घातली आणि शिडी उचलून ते पंखाकडे निघाले.