आज वार कोणता?

“सांग, आज वार कोणता?”

“मंगळवार. ताई, घंट्यात तिसऱ्यांदा विचारायलीस तू.”

संघप्रियानं मोबाइल उघडला. उजेड डोळ्यांत सुईसारखा घुसला. तिनं डोळे बारीक करून बघितलं. मंगळवारच होता. हुश्श!

हसण्यावारी न्यायची गोष्टच नव्हती ही. सकाळी दोघं बहीण-भाऊ ताडकळसहून परभणीला निघाले होते. रस्त्यात म्हैस आडवी आली, चारचाकी सरळ बाभळीवर गेली. धम्मानंदचं डोकं आदळलं. कपाळाच्या डाव्या बाजूला तीन टाके पडले. संघप्रियाच्या अंगावर मात्र साधा ओरखडा न्हाई. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली पण, “मला काय न्हाई झालं, तुम्ही ह्याला बघा.”

टाके घालून झाल्यावर डॉक्टर म्हणाले होते, “वरची जखम भरून येईल. आतला मार लगेच दिसत नाही, त्याची भीती. उद्यापर्यंत नजर ठेवा. अधूनमधून साधे साधे प्रश्न विचारा. भलतंच बोलायला लागला, तर थांबू नका. थेट परभणी गाठा.”

तेव्हापासून संघप्रिया डोळ्यांत तेल घालून बसली होती. भाकरीचा तुकडा तिच्या घशाखाली उतरत नव्हता. पोटात नुसतं ढवळायलं होतं. भीती, दुसरं काय?

त्यात दिवसभर माणसांची रीघ. जो येईल तो म्हणायचा, “कसं झालं रे?” आणि धम्मानंद पहिल्यापासून सुरू. “मी चालवायलो होतो, ताई बाजूला बसली होती, इतक्यात म्हैस...” संघप्रियाला तर सगळं पाठ झालं होतं. तिच्या डोळ्यांपुढं यायचं ते अगदी त्यानं सांगितलं तसंच. म्हैस, बाभळ, सगळं.

शेजारचे सूर्यभानमामा चहाचा घोट घेऊन तिच्या वडलांना म्हणाले, “नशीब समजा आश्रुबा, पोरीच्या हातात गाडी नव्हती. महिना झाला न्हाई तिला लायसन काढून. तिनं बाभळ काय, आख्खं रान पाडलं असतं!” मग कपात बघून, “आणि साखर काय रेशनवर मिळंना का आजकाल?”

सगळे हसले. संघप्रिया साखर टाकायची विसरली होती. तिसऱ्या खेपेला.

“घाबरलंय लेकरू,” माय म्हणाली. मालनबाईचा जीव पण थाऱ्यावर नव्हता.

पाचच्या सुमाराला घर रिकामं झालं. आश्रुबा मामांना सोडायला गेटपाशी गेले, माय आत पीठ मळायला बसली. संघप्रिया भावाच्या खाटेशी सरकली. तिचा उजवा खांदा ठणकायला होता. दिवसभर पाण्याच्या घागरी उचलल्या, त्यानं असंल. तिनं हातानं तो दाबून धरला.

“धम्म्या, सांग. गाडी कोण चालवायलं होतं?”

त्यानं दाराकडं बघितलं. मग हळूच हसून म्हणाला, “आता कोणी न्हाई ना? तू.”

संघप्रिया आणखी पुढं सरकली.

“नीट आठव. कोण?”

“तूच की! नाटकं नको करू ताई, आबा ऐकतील.”

सकाळपासून वीस माणसांना ह्यानंच सांगितलं, मी चालवायलो होतो. आणि आता? भलतंच बोलायला लागला, तर थांबू नका. डॉक्टरांचे शब्द डोक्यात घण घातल्यासारखे वाजायला लागले.

“आबा! माय! पळा लवकर! धम्म्याचं डोकं फिरलंय!”

माय पिठाच्या हातानं पळत आली. आश्रुबांनी गल्लीतल्या पप्पूला तिथूनच आरोळी मारली. पप्पूनं ऑटो दाराला आणून लावला. आश्रुबांनी धम्मानंदच्या काखेत हात घातला.

“सोडा आबा! मला काय झालं न्हाई!” तो ओरडला. “गाडी ताईच चालवायली होती. मी खोटं बोललो. मामासारखी माणसं जन्मभर तिला टोमणे मारतील म्हणून. दवाखान्यात जायच्या आधीच मी तिला म्हणलं होतं, मी चालवायलो होतो असं सांगू. ती हो पण म्हणली!”

“बघा, बघा कसा बडबडायलाय!” संघप्रिया रडायला लागली. “मी कधी हो म्हणलं? पप्पू, चालू कर ऑटो!”

“अरे, डावीकडं बसलो होतो मी!” धम्मानंदनं शर्टाच्या गुंड्या तोडल्यागत उघडल्या. “सीटचा पट्टा बघा कुठं रुतलाय!”

डाव्या खांद्यावरून खाली छातीवर आडवा, पट्ट्याएवढा लाल वळ.

आश्रुबा बघतच राहिले. मालनबाईनं मात्र तो वळ बघितला आणि सावकाश मान वळवली. तिची नजर लेकीच्या हातावर गेली. तो हात अजून उजव्या खांद्यावरच होता.

मायनं तो हात बाजूला केला. कुर्त्याचा गळा ओढला. उजव्या खांद्यावरून खाली, पट्ट्याएवढाच रुंद, काळानिळा पडलेला वळ.

ऑटो दारात धडधडत होता. बापाच्या हातातून सुटून धम्मानंद पुढं आला आणि त्यानं बहिणीचे दोन्ही हात धरले.

“ताई,” त्याचा आवाज कापायला लागला, “ताई, आज वार कोणता?”

संघप्रियानं त्याच्याकडं बघितलं. मग मायकडं. मग परत त्याच्याकडं. आणि हसून, अगदी मोकळेपणानं म्हणाली,

“मला काय विचारायलास? डोकं तुझं फुटलंय. तूच सांग ना, आज वार कोणता?”