कॉम्प्युटर की कन्सोल

गेम खेळायला लेकीला कन्सोल हवा होता. वायरमन बापाचं म्हणणं वेगळंच. "तयार डबा काय, कुणीही आणतं! सुटे भाग आणू, आपण दोघं मिळून कॉम्प्युटर जोडू," असं म्हणत तो तिला महिनाभर चिडवत होता.

आज त्याच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन आला. लेक उसनं हसून म्हणाली, "बाबा, तुम्ही जिंकलात. घरी आलात की कॉम्प्युटरच जोडू."

"नको गं. कन्सोलच आण."

"अगंबाई! आज सूर्य कुठून उगवला?"

बापाने तिचा हात घट्ट धरला.



"कॉम्प्युटर तुला एकटीला जोडता येणार नाही."