कडेचा फोटो

भर दुपारी खिडक्यांना गोधड्या टांगून आत बसायचं आणि सासूनं दार वाजवलं तर "थांबा आई, हात हलेल" म्हणायचं, ही कुठली रीत? मनकर्णाबाईंना उभ्या आयुष्यात कोणी थांबा म्हटलं नव्हतं. त्यांनी दार ढकललंच.

आत प्रतीक्षानं, त्यांच्या सुनेनं, देवाच्या तसबिरीची काच काढून दोन डब्यांच्या आधारानं तिरपी उभी केली होती. काचेखाली छत्रीचं काळं कापड आणि त्यावर राणीछाप रुपया. बाजूला टेबललॅम्प, त्याच्या तोंडाला दुधाची धुतलेली पिशवी. मऊ झालेला उजेड काचेवर आपटून सरळ रुपयावर उतरत होता आणि वर मोबाईल रोखलेला.

"देवाले उघडं केलं? अन् हे कायचं नाटक?"

"काच लावते परत. बघा तरी, राणीचा केस न् केस दिसतोय."

मनकर्णाबाईंनी पाहिलं नाही. मागच्या खोलीची झाडझूड करताना हा रुपयांचा डबा सुनेच्या हाती लागला, तेव्हापासून त्यांना घास गोड लागत नव्हता. कोणाचे म्हणून तिनं विचारलं, तर त्या "तुह्या सासऱ्याचे" म्हणून गेल्या. देवमनराव वारून बरीच वर्षं झाली होती, त्यांना विचारायला कोण जाणार? पण ही पोरगी गप्प बसणारी नव्हती.

"घरातली चीज जगाले काहून दाखवून राहिली? दारात माणसं येतीन, तेव्हा काय करशीन? घर बसंल आपलं."

"जगाला नाही हो. अकोल्यात जुन्या नाण्यांचं एकच मोठं दुकान आहे. तिथले गोपाळकृष्णकाका नुसत्या फोटोवरून पारख करतात. उद्या कोणी आपल्याला फसवायला नको."

अकोला म्हटल्यावर मनकर्णाबाई दोन पावलं पुढं सरकल्या. त्यांचा गोवर्धन सकाळच्या गाडीनं तिकडेच गेला होता, नेहमीसारखी स्वतः ओतलेल्या घंटा-घुंगरांची पिशवी घेऊन. धंद्यावर असला की पोरगा फोन बंद ठेवायचा.

"गोवर्धनले येऊ दे. त्याले इचार, मंग पाठव."

"त्यांना तर आल्यावर गंमत सांगायची आहे!"

यापुढं बोलणं म्हणजे संशय ओढवून घेणं. मनकर्णाबाई बाहेर आल्या, ओट्यावर चढल्या आणि मेन स्विच खाली पाडला.

"लाईट गेली वाटते," त्या दारातून म्हणाल्या. "आता निंग भाईर. चहा मांड."

"जाऊ द्या गेली तर." आतून हसण्याचा आवाज आला. "टॉर्च आहे ना. कडेला तोच बरा."

"कडेले?"

"काकांनी कडेचा फोटो मागितलाय."

मनकर्णाबाईंनी चौकट धरली. प्रतीक्षानं कणकेचा गोळा पाटावर थापला, त्यात रुपया उभा खोचला आणि टॉर्च अगदी जमिनीलगत आणून आडवा धरला. चहूकडे काळोख. त्यात रुपयाची कड तेवढी उजळली. एकेका दात्याची सावली पडली, आणि त्या दात्यांना कापत मधोमध एक बारीक रेघ उठली.

"आई, ही रेघ कसली?"

"झिजला असंल."

"झिजल्यावर रेघ पुसते. ही वर आलीय."

"आन तो इकडे!" मनकर्णाबाईंनी झडप घातली. रुपया कणकेसकट त्यांच्या मुठीत आला. पण प्रतीक्षाच्या हातातला मोबाईल तोवर टुंग वाजला होता.

"गेला फोटो," ती म्हणाली. "असं काय करता तुम्ही?"

मनकर्णाबाई उंबऱ्यावर टेकल्या. फोन वाजेल म्हणून त्या बसल्या होत्या, आणि वाजू नये म्हणूनही. तो वाजलाच. प्रतीक्षानं आवाज मोठा केला.

"बेटा, हा टांकसाळीत ठोकलेला नाही, साच्यात ओतलेला आहे," गोपाळकृष्णजी दबक्या आवाजात म्हणाले. "दोन साच्यांच्या जोडाची रेघ आहे ती. फार छान उजेड दिलास. बरोबर असेच रुपये विकायला आत्ता माझ्या दुकानात एक जण आलाय. बाहेर चहा देऊन बसवलाय त्याला. मला शंका होतीच, तुझ्या फोटोनं खात्री झाली. पोलिसांना बोलावलंय."

फोन बंद झाला. प्रतीक्षानं आनंदानं सासूचे खांदे धरले.

"सापडला, आई! मामंजींनाही असल्याच कोणीतरी फसवलं असणार. बरं झालं की नाही पाठवला ते?"

मनकर्णाबाईंनी मूठ उघडली नाही. सुनेकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"लय हुशार हायेस, पोरी. लय उजेड पाडला. आता दोन भाकरी टाक, अन् अकोल्याच्या ठाण्यात नेऊन दे तुह्या नवऱ्याले."